न उघडता केलेली दुरुस्ती

ऑफिसात त्याला सगळे 'जागच्याजागी' म्हणायचे. म्हणायचे पाठीमागे, पण ते पाठीमागचं इतक्या खुल्या आवाजात चालायचं की त्याला ते पक्कं ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. कुणी काम घेऊन आलं की हा खुर्ची अर्धी फिरवणार, बोटं कडाकडा मोडणार आणि म्हणणार, "हात्तिच्या! त्यात काय? जागच्याजागी करून टाकू." मग काम होवो न होवो, खुर्ची मात्र झोकात फिरायची.

हे ऑफिस म्हणजे माहितीपुस्तिका लिहिणाऱ्यांचं. मिक्सर, हीटर, पंखे, कपडे धुण्याची मशीनं, यांच्या खोक्यात तळाशी एक पातळ पुस्तिका असते ना, जी आपण खोक्याबरोबर टाकून देतो, ती. ती कुणीतरी बसून लिहिलेली असते यावर कुणाचा विश्वास बसत नाही. पण लिहिलेली असते हो! एका लांबट खोलीत पाठीला पाठ लावून बसलेली माणसं ती लिहितात, आणि वर्षानुवर्षांचं ते लिखाण कॉम्प्युटरमध्ये साध्या मजकुराच्या फायलींत साठत जातं. ना रंग, ना चित्र, नुसती अक्षरं.

तिथल्या एका जुन्या सहकारी बाईंनी नोकरी सोडताना एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या आज्ञांची यादी, लिहून ठेवली होती. चार-सहा ओळींचं काम. अमुक शब्द काढ आणि तमुक घाल, एवढं तिला सांगायचं; ती साऱ्या फायलींमधून फिरून, जिथल्या तिथे बदल करून, डोळ्याचं पातं लवायच्या आत परत. बाई गेल्या, स्क्रिप्ट राहिली. वर्षभरात ती याची झाली. वरच्या ओळीतलं बाईंचं नाव काढून तिथे याने आपलं घातलं, तेही त्याच स्क्रिप्टच्या हातून. आणि मग जो भेटेल त्याला सांगत सुटला, "फाईल उघडायचीसुद्धा गरज नाही! लोक उघडतात, वाचतात, शोधत बसतात. अरे, कशाला? आत काय लिहिलंय त्याच्याशी आपल्याला काय करायचंय? शब्द सापडला की बास."

आता कुणी म्हणेल, अशा माणसाला कंपनीने ठेवलं कसं? अहो, कंपनीला असाच माणूस हवा होता. तिथे दर थोड्या दिवसांनी वरचे साहेब बदलायचे आणि प्रत्येक नवे साहेब येताना एक नवा शब्द घेऊन यायचे. एक आले, म्हणाले, 'ग्राहक' फार कोरडा शब्द आहे, 'कुटुंबीय' म्हणा. जागच्याजागीने खुर्ची फिरवली. दुपारच्या चहाआधी सगळे ग्राहक कुटुंबीय झाले आणि पुस्तिकेत छापून आलं, 'कुटुंबीयांनी बिल जपून ठेवावे. बिलाशिवाय कुटुंबीयांचे म्हणणे ऐकले जाणार नाही.' त्यांच्यानंतरच्या साहेबांना 'बिघाड' खटकला. म्हणाले, बिघाड वाचलं की मशीन बिघडणारं वाटतं. त्याऐवजी 'विश्रांती' म्हणा. झालं! हीटरच्या पुस्तिकेत ओळ आली, 'आत पाणी गेल्यास विश्रांती अटळ आहे.' कुणाची, ते लिहिलेलं नव्हतं.

कुणी ओरडलं का? छे! साहेब खूश. उत्तम कर्मचारी म्हणून जिन्याजवळ याचा फोटो लागला, फोटोत खुर्ची पण होती. पुस्तिका कुणी वाचतच नव्हतं, त्यामुळे तक्रार येणार कुठून? न वाचणाऱ्यांत सगळ्यात वरचा नंबर याचाच होता.

घरीही स्वारी तशीच. नळ गळायला लागला तर मुख्य कॉक बंद करणार नाही, चालू पाण्यातच पाना लावणार. मग बायको बादल्या घेऊन धावणार. भिंती रंगवल्या त्या कपाट न हलवता. पुढे एकदा कपाट हलवावं लागलं तेव्हा मागे जुन्या हिरव्या रंगाचं दुसरं कपाट उभं होतं, ते अजून आहे. एकदा तर घाईच्या सकाळी शर्टाच्या कॉलरला इस्त्री केली ती शर्ट अंगात असताना. मानेवर जो चट्टा उठला तो ऑफिसात मफलरने झाकला, आणि दिवस होते ऐन उन्हाळ्याचे.

"अहो, काढून करा ना," बायको म्हणायची.

"काढा, करा, परत घाला. तीन कामं झाली. मी एकच केलं."

"आणि मलम कोण लावतंय?"

बायको औषधांच्या दुकानात अर्धा दिवस कामाला जायची. मलमं घरात असायची, हे त्याचं नशीब.

आई गेल्यानंतर याचे बाबा त्यांच्याकडे राहायला आले. बाबा म्हणजे लिफ्टमिस्त्री. शहरात अशी एकही उंच इमारत नव्हती की जिच्या लिफ्टचं पोट त्यांनी आतून पाहिलं नव्हतं. आणि माणूस कसला बडबड्या! तोंडाचा पट्टा सुरू झाला की थांबायचं नाव नाही. कुठलीही गोष्ट स्वतःपासून सुरू व्हायची आणि स्वतःच्या कौतुकाशी येऊन थांबायची. प्रत्येक वाक्याच्या तोंडाशी 'तर सांगायचं म्हणजे' हे हवंच. तर सांगायचं म्हणजे आज चहा पातळ झालाय. तर सांगायचं म्हणजे माझा चष्मा कुठे गेला?

चष्मा मात्र फार हरवायला लागला. आधी चष्मा, मग नावं, मग एक दिवस बाबा खालच्या मजल्यावरच्यांची बेल वाजवून, आत जाऊन, त्यांच्या सोफ्यावर बसले आणि सून अजून कशी आली नाही म्हणून रागावले. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "हे आता उलटं फिरणार नाही. हळूहळू जात राहील. आठवतंय तोवर काय सांगायचं ते सांगून घ्या, लिहून ठेवायचं ते लिहून ठेवा."

बाबांनी ते मनावर घेतलं. जागच्याजागीने ऑफिसातून मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर आणून बाबांच्या खोलीत खिडकीपाशी मांडला. त्याचा पंखा घरघरायचा, पण चालायचा. बाबा रोज दुपारी त्याच्यापुढे बसून दोन बोटांनी लिहायचे. टक. टक. थांबायचे, खिडकीतून समोरच्या इमारतीकडे बघायचे, परत टक. सगळं एकाच फाईलमध्ये. फाईल दुसरी उघडता येते हे त्यांना कुणी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलंही नाही. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांच्या गोष्टी होत्या त्या. नुसत्या मशीनच्या नव्हेत हं. बाबांची एक पद्धत होती: हत्यारांच्या पिशवीला हात लावायच्या आधी बंद दारावर टकटक करायची आणि विचारायचं, "आत कोण आहे? नाव काय तुमचं?" नाव कळलं की मग काम. आतला माणूस घाबरून बोलत सुटायचा आणि बाबा बाहेर उभे राहून ऐकत ऐकत तारा जोडायचे. आयुष्यभर ऐकलेलं ते सगळं आता त्या फाईलमध्ये येत होतं.

सून संध्याकाळी मटार सोलत नाहीतर कपड्यांच्या घड्या करत त्यांच्या खोलीत बसायची आणि बाबा तिला वाचून दाखवायचे. ती हसायची, मध्येच म्हणायची, "बाबा, हे तुम्ही वाढवून लिहिलंय." बाबा म्हणायचे, "थोडंसं."

आणि मुलगा? मुलगा कामावरून आला की बाबा दारातच गाठायचे.

"वाचलंस का रे?"

"वाचतोय, बाबा. छान आहे."

"कुठवर आलास?"

"मध्यावर. छानच आहे."

बूट काढता काढता हे संभाषण उरकायचं. रोज. त्याने ती फाईल वाचली नव्हती, मध्यापर्यंत नाही आणि पावही नाही. एकदाच तिच्या तोंडाशी डोकावला होता, आणि तिथे ओळीओळीला 'तर सांगायचं म्हणजे' पाहून त्याच्या कपाळावर आठ्या चढल्या. आता दुसरा कुणी काय करेल? पुढे वाचेल. याने काय केलं? ते शब्द किती वेळा आलेत ते कॉम्प्युटरकडून मोजून घेतलं.

"बाबा, शेकडो वेळा आलंय ते तुमचं 'तर सांगायचं म्हणजे'!"

बाबांचा चेहरा खुलला. "इतक्या वेळा? बघ, केवढं सांगायचं होतं मला."

लिखाण संपत आलं तसे बाबा एक दिवस सुनेला वाचून दाखवायचे थांबले. ती घड्या करत बसली होती. बाबांनी पडद्यावर हात आडवा धरला आणि म्हणाले, "हे शेवटचं नाही वाचणार. हे त्याच्यावर आहे. त्याला आधी वाचू दे."

तिने त्या रात्री जेवताना नवऱ्याला सांगितलं, "शेवटचं प्रकरण तुमच्यावर आहे. तेवढं तरी वाचा हो."

"वाचतो गं. पळून का जातंय?"

त्यानंतर बाबांनी छापखान्याचं काढलं. कोपऱ्यावरच्या छापखान्यात जाऊन ते बोलूनही आले. छोटंसं पुस्तक, पन्नासेक प्रती, उरलेल्या जुन्या मिस्त्रींना आणि नातेवाइकांना वाटायच्या. छापखान्याच्या मालकाने फाईल आणून द्या म्हणून सांगितलं. बाबांना घाई होती. आपल्याला आता सकाळचं संध्याकाळी आठवत नाही हे त्यांना कळत होतं आणि त्याची त्यांना भीती वाटायची. पुस्तक छापून हातात आलं की मग काय विसरायचं ते विसरू, असं त्यांनी सुनेला बोलून दाखवलं होतं.

"तशीच देऊ नका," जागच्याजागी म्हणाला. "ते 'तर सांगायचं म्हणजे' काढून टाकू. लोक हसतील. रविवारी करतो, जागच्याजागी."

"आधी एक प्रत काढून ठेवा," बायको म्हणाली.

"प्रत! अगं, प्रत काढणं म्हणजे पोहायला जाताना कमरेला दोर बांधून जाणं."

"मग बांधा की. कोण हसतंय?"

"ज्याला येतं तो नाही बांधत."

रविवार उजाडला. नाश्ता करून स्वारी बाबांच्या खोलीत शिरली, बाबांना उठवून पलंगावर बसवलं आणि खुर्चीत बसली. ती खुर्ची लाकडी होती, फिरत नव्हती, हा पहिला अपशकुन. दुसरा असा की ऑफिसातली स्क्रिप्ट त्या जुनाट मशीनवर चालेचना. बाईंनी ती ज्या सोयीच्या जोरावर लिहिली होती ती या म्हाताऱ्या मशीनमध्ये नव्हतीच. एरवी असं झालं असतं तर याने मशीनला नावं ठेवून काढता पाय घेतला असता. पण समोर बाबा बसले होते, दारात बायको उभी होती. माघार कशी घेणार?

"माझी मी लिहितो," तो म्हणाला. "दोन ओळींचं काम आहे."

बाईंच्या स्क्रिप्टमध्ये एक ओळ होती, बदललेला मजकूर आधी बाजूच्या तात्पुरत्या फाईलमध्ये ठेवणारी. ती ओळ त्याला नेहमीच भित्रेपणाची वाटायची. कशाला बाजूला ठेवायचं? थेट घाला ना. त्याने थेट घातलं. या फाईलमधून वाच, ते शब्द गाळ, आणि निघेल ते याच फाईलमध्ये लिही. कळ दाबली. मशीन काही बोललं नाही. या आज्ञांची ही रीतच असते, काम झालं तर गप्प बसायचं. घरघर तेवढी चालू होती.

"झालं, बाबा," तो बोटं मोडत म्हणाला. "सगळं साफ."

"इतक्यात?"

"उघडायचीसुद्धा गरज पडली नाही."

त्याने फाईल एका छोट्या पेनड्राइव्हमध्ये घेतली आणि तो बाबांच्या हाती दिला. बाबांनी तो खिशात टाकला, खिशावर दोनदा थोपटलं आणि सोमवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून छापखान्यात गेले. सून सोबत होती. छापखान्याच्या मालकाने पेनड्राइव्ह लावला, फाईल उघडली, बंद केली, परत उघडली. मग बाबांना वाईट वाटू नये म्हणून हसला आणि म्हणाला, "आजोबा, यात काहीच नाहीये. चुकून दुसरी आणलीत वाटतं."

बाबा म्हणाले, "मीच विसरलो असेन." हल्ली काहीही चुकलं की ते असंच म्हणायचे.

सून मात्र काय ते समजली. बाबांना घरी सोडून तिने नवऱ्याला ऑफिसात फोन केला. तो धावत घरी आला, बाबा दुपारचे झोपले होते तोवर मशीनपुढे बसला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. फाईल होती. नाव होतं. आत एक अक्षर नव्हतं. आता अशा वेळी शहाणा माणूस हात मागे घेईल, मशीन बंद करेल आणि जाणत्याला विचारेल. याने काय करावं? तीच दोन ओळींची स्क्रिप्ट पुन्हा चालवली. कदाचित काल नीट चालली नसेल! पुन्हा. परत एकदा. मग मशीन फार हळू चालतंय म्हणून त्यातला कचरा साफ केला, जुनं काहीबाही पुसलं, जागा मोकळी केली. शेवटी घामाघूम होऊन मशीनचं खोकं काखेत मारलं आणि बाजारातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गेला.

दुकान चालवणारी बाई आधी हसली. मग याचा चेहरा पाहून थांबली.

"ज्या फाईलमधून वाचायला सांगितलंत, तीतच लिहायला सांगितलंत," ती म्हणाली. "मशीनला लिहायचं म्हटलं की ते आधी ती फाईल रिकामी करतं. मग वाचायला जातं. आत काय असणार? ज्या पातेल्यातलं दूध गाळायचंय तेच पातेलं तुम्ही आधी मोरीत ओतून घासून घेतलंत."

"पण ऑफिसात तर रोज करतो मी."

"तिथली स्क्रिप्ट बाजूला दुसरं पातेलं घेत असेल. तुम्ही बघितलं नसेल."

त्याने खोक्यावरची धूळ पुसली. बघितलं होतं की!

"परत मिळेल का?"

"त्यानंतर मशीनला हात लावलात का?"

त्याने काय काय केलं ते सांगितलं. तिने खोक्याचं झाकण लावलं आणि खोकं त्याच्याकडे सरकवलं. "मग आता नाही मिळणार. माफ करा. कुणाचं होतं?"

"वडिलांचं."

"प्रत नव्हती?"

तो खोकं उचलून बाहेर पडला. रस्त्यावरून जाताना ते खोकं त्याला पहिल्यांदा जड वाटलं. लाज वाटत होती, भीती वाटत होती, आणि तरी डोक्यात चक्रं फिरत होती ती एकाच दिशेने: हे बाबांना कोणत्या शब्दांत सांगायचं, कोणता शब्द काढून कोणता घालायचा. सवय कुठे जाते!

घरी बायको मटार सोलत बसली होती. तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि सगळं कळून तिचे हात थांबले.

"बाबांना सांगा," ती म्हणाली.

"तू सांगतेस का?"

"मी? मी का सांगू? तुमचं तुम्ही निस्तरा."

बाबा उठून बसले होते. खिडकीपाशी मशीनची जागा रिकामी दिसली तेव्हापासून ते अस्वस्थ होते. त्याने खोकं परत जागेवर ठेवलं, तारा जोडल्या, त्यात शक्य तितका वेळ घालवला. मग घसा खाकरला.

"बाबा, ती तुमची फाईल आहे ना, ती जरा... म्हणजे, विश्रांती घेतेय."

बाबांनी चष्मा वर केला. "लिफ्टबद्दल मी पण असंच सांगायचो घाबरलेल्या माणसांना. मेली का, ते सांग."

"हो."

"सगळी?"

"सगळी. माझ्या हातून झालं."

 बाबांनी खिसा चाचपला, तो पेनड्राइव्ह बाहेर काढला, त्याच्याकडे बघितलं आणि खिडकीच्या कठड्यावर ठेवून दिला.  याला वाटलं, आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

"बरं," बाबा म्हणाले. "आता मला तर सगळं आठवायचं नाही. पण तू वाचलंयस ना? दुरुस्त करत होतास म्हणजे पाठच झालं असेल. तू सांगत जा. मी परत लिहितो."

आणि ते उठून खुर्चीवर बसले, नवी फाईल त्यांनी त्याच्याकडूनच उघडून घेतली, आणि दोन्ही हातांचं एकेक बोट तयार ठेवून वाट बघू लागले. बायको मटाराची परात घेऊन दारातून आत आली आणि पलंगाच्या कडेला बसली.

"पहिली कोणती होती रे?"

"ती... लिफ्टची."

"कोणत्या लिफ्टची?"

"ती नाही का, बंद पडते ती."

बायकोने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला तिथून उठून जावंसं वाटलं. मग तीच बोलली. "नवरा-बायकोची होती, बाबा, पहिली. घटस्फोटाच्या वकिलाकडे निघालेली दोघं. मध्येच अडकली."

"हां!" बाबांचे डोळे चमकले. "आणि मी मुद्दाम वेळ लावला."

"हो. तुम्हाला वाटलं, बोलतील एकमेकांशी. आणि बाहेर आल्यावर दोघं मिळून तुमच्यावर तुटून पडली, इतका उशीर का म्हणून. तुम्ही लिहिलं होतं, किती वर्षांनी त्यांचं कशावर तरी एकमत झालं असेल."

बाबा खदखदून हसले. जागच्याजागीलाही हसू आलं, अगदी खरं. छान होती की गोष्ट! ती इतके दिवस भिंतीपलीकडच्या खोलीत होती आणि हा इकडे बूट काढत होता.

बाबा टक टक करत लिहू लागले. सून सांगत गेली: नाटकातलं रडण्याचं काम घोकणारा माणूस, ज्याला बाबांनी खरंच रडतोय समजून धीर दिला, आरसा घेऊन चढलेली म्हातारी, जी म्हणाली की मी एकटी नाही, आम्ही दोघी आहोत. तिला जेवढं आठवत होतं तेवढं ती सांगे, एखादा धागा बाबांना सापडला की ते पुढचं ओढून काढत, आणि नाही सापडला तर "जाऊ दे ते" म्हणून पुढे जात. बरंच काही असं जाऊ द्यावं लागलं. प्रत्येक वेळी बाबा आधी मुलाकडे बघायचे, तो खाली बघायचा, आणि मग ते "जाऊ दे" म्हणायचे. थोड्या वेळाने तो उठायला लागला तसे बाबा म्हणाले, "बस, बस. तुझं राहिलंय."

असे काही दिवस गेले. रोज संध्याकाळी तिघं त्या खोलीत. तो कामावरून येऊन गप्प बसायचा आणि लिहून झालं की आठवणीने दोन प्रती काढायचा. बायकोने त्याला एकही शब्द ऐकवला नाही; मटार मात्र जरा जोरात सोलले जात होते.

मग शेवटचं प्रकरण आलं.

"हे मला नाही माहीत, बाबा," सून म्हणाली. "मला वाचू दिलं नव्हतंत तुम्ही."

"नव्हतं का? मग याला माहीत असणार. याच्यासाठीच होतं." बाबा त्याच्याकडे वळले. "सांग. काय लिहिलं होतं रे मी तुझ्यावर?"

"छान होतं, बाबा."

"छान काय! छान तर तू सगळ्यालाच म्हणतोस. चांगलं लिहिलं होतं का वाईट? मला खरंच आठवत नाहीये रे."

बाबा खोटं बोलत नव्हते. त्यांच्या डोळ्यांत ती भीती होती, चष्मा हरवल्यावर असायची ती. जे लिहिलं होतं ते त्यांच्या डोक्यात नव्हतं, मशीनमध्ये नव्हतं, कुणाकडेच नव्हतं. बापाने आयुष्यभराचं साठवून मुलाबद्दल काय म्हटलं होतं, हे आता जगात कुणालाच ठाऊक नव्हतं.

आणि त्याच्या लक्षात आलं की तो काहीही सांगू शकतो. मुलगा कर्तबगार निघाला, मुलाने नाव काढलं, जिन्याजवळ मुलाचा फोटो आहे. बाबा जसंच्या तसं लिहितील, छापून येईल, सगळे नातेवाईक वाचतील. त्याने तोंड उघडलंसुद्धा. समोर बाबांची दोन बोटं कळफलकाच्या वर अधांतरी थांबली होती.  पलंगावर बायकोच्या हातातली शेंग तशीच राहिली होती.

"तर सांगायचं म्हणजे," तो म्हणाला.

बाबा हसले आणि लिहू लागले. टक. टक. टक. त्यांचं ते लिहून होईपर्यंत त्याला थांबावं लागलं.

"तर सांगायचं म्हणजे, माझ्या मुलाने या पुस्तकातली एक ओळही वाचलेली नाही. मी विचारलं की तो छान आहे म्हणतो आणि बूट काढतो."

एकेक अक्षर शोधत बाबांनी ते सगळं लिहिलं. मध्ये एकदा 'बूट'पाशी थांबले, त्याच्याकडे पाहिलं, परत लिहू लागले. लिहून झाल्यावर पुढे वाकून, ओळीखालून बोट फिरवत त्यांनी ते मोठ्याने वाचलं.

"हे मी लिहिलं होतं?"

"हो, बाबा."

बाबांनी चष्मा सारखा केला.

"मग बरोबर लिहिलं होतं," ते म्हणाले, आणि बोटं परत कळफलकावर आणली. "हं. पुढे?"